गॅलरीतलं अंजीर: फाटे कलमापासून कुंडीपर्यंत

बियांपासून अंजीर वाढवण्याच्या फंदात पडू नका. आपल्याकडच्या 'पूना' आणि 'दिनकर' या वाणांना परागीभवनाशिवाय फळ धरतं, त्यामुळे आतल्या बिया बहुतेक पोकळच निघतात. 'दिनकर' तर आपल्या दौलताबादच्याच अंजिरातून सुधारलेला वाण. त्याचं हुबेहूब झाड हवं असेल तर फाटे कलमाला पर्याय नाही, आणि परागीभवनाची गरज नसल्यानं सिडकोतल्या फ्लॅटच्या गॅलरीत एकटं झाडसुद्धा फळतं.

छत्रपती संभाजीनगरात कलमाला उत्तम काळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. झाड तेव्हा पानगळीतून उठत असतं, काडीत पिष्टमय साठा भरपूर असतो आणि उन्हाळा अजून लांब असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा हात लावू नका, जुलैची वाट पाहा.

काडी मागच्या वर्षीची, पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सेंटिमीटर लांब आणि ४-५ डोळ्यांची घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा काप डोळ्याच्या वर बोटभर जागा सोडून तिरपा. दोन वेगळे काप ठेवले की वरची-खालची बाजू विसरत नाही, आणि ती विसरून चालत नाही. डोळ्यांमधून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खोडातून खाली उतरतं, कापलेल्या बुडाशी साचतं आणि तिथल्या पेशींना मूळ बनवायला लावतं. उलटी खोचलेली काडी म्हणूनच रखडते. दुकानात मिळणारी रूटिंग पावडर याच जातीची. तिच्यातला आयबीए हा घटक मुळं फोडतो हे झिमरमन आणि विल्कॉक्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३५ मध्ये दाखवून दिलं. अंजीर मात्र मुळात सहज मुळं धरणारं झाड आहे. पावडर नसली तरी अडत नाही.

कापल्यावर पांढरा चीक येतो. तो त्वचेवर राहिला आणि वर ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग पडतात. हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा. चीक पाण्यानं धुऊन काड्या काही तास सावलीत सुकू द्या.

आता माध्यम. आपली काळी माती शेतात सोनं असेल, कलमाच्या पेल्यात मात्र ती घातक ठरते. ती पाणी धरून फुगते, हवा बाहेर ढकलते आणि बूड कुजतं. धुतलेलं कोकोपीट आणि जाड वाळू निम्मी-निम्मी पुरे. खत अजिबात नको, कारण ते घ्यायला अजून मुळंच नाहीत. मिश्रण मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून पुष्कळ जण आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी झाडांना घालतात. कलमांना ते नको. त्यात क्षार एकवटलेले असतात. ड्रममध्ये साठवलेलं नळाचं पाणी चालतं.

पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्याला तळाशी भोकं पाडा, दोन डोळे मिश्रणात जातील अशी काडी खोचा आणि वर प्लास्टिकची पिशवी सैल घाला. इथली हवा फेब्रुवारीपासूनच कोरडी होते. पिशवीतला दमटपणा काडीला सुकू देत नाही. उजेड भरपूर, थेट ऊन नाही. पूर्वेच्या खिडकीपासून थोडं आत ही जागा मला सर्वांत भरवशाची वाटते.

खरी परीक्षा यानंतर. दोन-तीन आठवड्यांत हिरवी पानं फुटतात आणि माणूस हरखून पाणी वाढवतो किंवा कलम मोठ्या कुंडीत हलवतो. ही पानं काडीतल्या साठ्यावर निघालेली असतात. खाली मूळ असेलच असं नाही. पानातून बाष्प उडत राहतं, भरपाई होत नाही, आणि एका दुपारी पानं लोंबतात. अनेक कलमं इथेच जातात. म्हणून वर पाहू नका, पेल्याच्या कडेला पाहा. पांढरी मुळं दिसली पाहिजेत, त्यांना फांद्या फुटलेल्या दिसल्या पाहिजेत. याला चार ते आठ आठवडे लागतात. ओढून पाहण्याचा मोह झाला तर आवरा. कोवळं मूळ तेवढ्यानंही तुटतं.

मुळं भरली की आठवडाभर पिशवी रोज थोडी जास्त वेळ उघडी ठेवा. पुनर्लागण संध्याकाळी करा. पेला आधी भिजवा, मग कात्रीनं उभा कापून गड्डा अखंड काढा. मुळांभोवतीचं कोकोपीट झटकू नका. पाणी शोषतात ती केसासारखी मूलरोमं, आणि ती झटकण्यात पहिली जातात. पहिली कुंडी सहा इंचीच असावी. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहून आंबते. माती, वाळू आणि गांडूळखत समान घ्या. दहा दिवस सावली, मग सकाळचं ऊन.

पावसाळ्यात पानांमागे तांबेरा दिसला तर ती पानं तोडून नष्ट करा. मातृझाडासाठी हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रात चौकशी करा. वाण माहीत नसलेल्या झाडाची काडी घेऊ नका. पहिल्या वर्षी एखाद-दुसरं फळ धरेल, ते खुडून टाका. झाडाची ताकद त्या वर्षी मुळांना लागते.