उभा प्रेक्षक धोक्याचा? गैरसमज आणि वस्तुस्थिती

फुटबॉलच्या मैदानात उभे राहून सामना पाहणे धोक्याचे आणि खुर्चीवर बसून पाहणे सुरक्षित, अशी समजूत सर्वत्र रुजलेली आहे. इंग्लंडमध्ये १९८९ च्या एका दुर्घटनेनंतर ती पक्की झाली आणि तिथून जगभर गेली. महाराष्ट्रात मात्र बहुतेक स्थानिक सामने आजही खुर्चीविनाच पाहिले जातात. नाशिकच्या सातपूरसारख्या कामगार वसाहतीत मैदानाच्या कडेने दोरी बांधली की तिच्यामागे माणसे दाटीने उभी राहतात. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियममध्ये फुटबॉल शौकीन पायऱ्यांवर बसतात, आणि गोल झाला की अख्खी गॅलरी उठून उभी राहते. या सगळ्यांचा जीव खरोखर कशावर अवलंबून असतो, हे समजण्यासाठी आधी चेंगराचेंगरी म्हणजे काय ते पाहावे लागते.

चेंगराचेंगरीत माणसे घाबरून पळतात, पडतात आणि पायाखाली तुडवली जातात, असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात बहुतेक बळी गुदमरून जातात, आणि कित्येक जण उभ्या उभ्याच. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असली तर अंग चोरून का होईना, हलता येते. हीच संख्या सहा-सातवर गेली की पाय स्वतःच्या ताब्यात राहत नाहीत. मागचा रेटा पाण्याच्या लाटेसारखा पुढे सरकतो, छातीवर चोहोबाजूंनी दाब येतो, श्वास आत घ्यायला बरगड्यांना जागा उरत नाही. ओरडायलाही श्वास लागतो, त्यामुळे पुढे काय चालले आहे हे मागच्यांना कळत नाही आणि ते सरकतच राहतात.

दहा बाय दहा फुटांची खोली सगळ्यांच्या परिचयाची आहे. तिचे क्षेत्रफळ साधारण ९.३ चौरस मीटर. ब्रिटनमधील क्रीडांगण सुरक्षेच्या मार्गदर्शिकेनुसार उभ्याच्या जागेत दर १० चौरस मीटरला जास्तीत जास्त ४७ प्रेक्षक चालतात, म्हणजे या खोलीत सुमारे ४३. आणखी वीस-बावीस जण आत घुसले की तीच खोली जीवघेणी होते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा ‘खोली भरली आहे’ एवढेच दिसेल. नुसत्या नजरेने गर्दी जोखणे म्हणूनच बेभरवशाचे असते. ती मोजावीच लागते.

नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर ३९ भाविकांचा बळी गेला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण गेले. तिथे ना फुटबॉल होता, ना समर्थकांची हुल्लड. अरुंद वाट आणि मागून वाढत जाणारी माणसे एवढे दोनच घटक दोन्ही ठिकाणी पुरेसे ठरले.

इंग्लंडमधील ती दुर्घटना १५ एप्रिल १९८९ ची. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभ्याच्या तिकिटांचे १०,१०० प्रेक्षक यायचे होते आणि त्यांच्यासाठी फिरती फाटके होती अवघी सात. बाहेर गर्दी तुंबली तेव्हा पोलिसांनी सामन्याच्या काही मिनिटे आधी मोठे फाटक उघडले. आत येणाऱ्यांच्या समोर एक बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन कप्प्यांत उघडत होता. हे कप्पे आधीच भरलेले होते. त्यांची कागदोपत्री क्षमता २,२०० होती. नंतरच्या तपासणीत ती १,७०० च्या आसपासच हवी होती असे निघाले. त्या दिवशी तिथे तीन हजारांहून अधिक माणसे कोंडली गेली. पुढे उंच जाळी, बाजूला जाळी, मागे लोंढा. शेजारच्या कप्प्यांत मात्र मोकळी जागा होती. बोगद्याचे तोंड बंद करून माणसांना तिकडे वळवले असते तर मृतांतील कित्येक जण घरी परतले असते. बळींची संख्या ९७ झाली. त्यातील शेवटची व्यक्ती दुखापतींमुळे २०२१ मध्ये दगावली.

दारू प्यालेल्या, विनातिकीट समर्थकांनी फाटक फोडले, असे तेव्हा सांगण्यात आले आणि वृत्तपत्रांनी ते छापले. ते खोटे होते. लॉर्ड टेलर यांच्या चौकशीने पोलिसांचे गर्दीवरील नियंत्रण सुटणे हे मुख्य कारण ठरवले. एप्रिल २०१६ मध्ये ज्यूरीने मृतांचा बळी बेकायदेशीररीत्या गेल्याचा आणि समर्थकांचा दोष नसल्याचा निर्णय दिला. मृतांच्या नातेवाइकांना त्यासाठी २७ वर्षे झगडावे लागले.

टेलर यांच्या जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालाने मोठ्या मैदानांत सर्वांना खुर्च्या देण्याची शिफारस केली, आणि १९९४ पासून इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींत उभ्याच्या जागा गेल्या. याच अहवालातले एक विधान मात्र फारसे कुणी लक्षात ठेवले नाही: उभे राहणे हे मुळात असुरक्षित नाही, असे त्यात स्पष्ट नोंदवले होते. खुर्चीचा खरा उपयोग मोजणीसाठी होता. प्रत्येक तिकिटाला एक क्रमांकाची जागा मिळाली की ठरावीक आकड्यापेक्षा जास्त माणसे एका भागात जात नाहीत.

नुसत्या खुर्च्या टाकल्याने माणसे वाचत नाहीत. ११ मे १९८५ रोजी इंग्लंडमध्येच ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानात आग लागून ५६ जण मेले, ते आसनांच्या जुन्या लाकडी स्टँडमध्ये. मागची अनेक दारे बंद होती. समोर मैदानाच्या कडेला जाळी नव्हती, म्हणून शेकडो लोक मैदानात उतरून वाचले. जाळी लावली की प्रेक्षक सुरक्षित, या दुसऱ्या समजुतीलाही इथेच उत्तर मिळते. शिवाय खुर्च्या असल्या तरी समर्थक बसून राहत नाहीत. चुरशीच्या सामन्यात ते खुर्चीपुढे उभे असतात, आणि पुढच्या खुर्चीची गुडघ्याएवढ्या उंचीची पाठ त्यांना पुढच्या रांगेवर कोसळण्यापासून अडवू शकत नाही.

‘सुरक्षित उभी जागा’ निघाली ती याच अडचणीतून. तिचे नाव ऐकून जुन्या मोकळ्या पायऱ्या परत आणल्या जात आहेत असे वाटते, तसे नाही. यात प्रत्येक रांगेला कमरेच्या उंचीचा भक्कम लोखंडी कठडा असतो. त्याच चौकटीत घडी होणारी खुर्ची बसवलेली असते आणि ती वर उचलून कुलूपबंद करता येते. प्रेक्षकाच्या पुढेही कठडा, मागेही कठडा. गोल झाल्यावर मागचा माणूस उसळला तरी त्याचा भार त्याच्याच पुढच्या कठड्यावर येतो आणि लाट तिथेच संपते. हिल्सबरोच्या कप्प्यांत आडवे कठडे तुरळक होते आणि त्यातला एक तर मोडून पडला होता. इंग्लंडमध्ये आणखी एक अट आहे: एका खुर्चीच्या जागी एकच उभा माणूस. उभे राहिल्याने तिथली संख्या एकानेही वाढत नाही.

जर्मनीत उभ्याच्या जागा कधी बंदच झाल्या नाहीत. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५ हजार जण उभे असतात. ग्लासगोच्या सेल्टिकने २०१६ मध्ये कठड्यांची व्यवस्था आणली. इंग्लंडमध्ये २ जानेवारी २०२२ रोजी चेल्सी-लिव्हरपूल सामन्यापासून तिचा परवानाधारक प्रयोग सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामापासून इतर क्लबांनाही ती मुभा मिळाली.

स्टेडियमची क्षमता म्हणजे तिथे मावतील तेवढी माणसे, हाही गैरसमजच. आत किती येऊ शकतात, किती सामावतात आणि किती बाहेर पडू शकतात, यांतला सर्वांत लहान आकडा हीच खरी क्षमता. त्याच ब्रिटिश मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसे जातात, पायऱ्यांवरून ६६. आणीबाणीत मैदान रिकामे व्हायला फार तर आठ मिनिटे. तीन मीटरच्या फाटकातून तेवढ्या वेळात १,९६८ माणसे निघतील. एकच झडप उघडी असेल तर त्याच्या निम्मी. वीस हजार प्रेक्षकांना अशी अकरा फाटके पूर्ण उघडी लागतात. कोचीच्या ज्या स्टेडियमने ६० हजारांची गर्दी पाहिली होती, तिथे २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात २९ हजार प्रेक्षकांचीच मर्यादा घातली गेली.

राहिला वातावरणाचा आणि हुल्लडबाजीचा मुद्दा. कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे आणि शिवाजी तरुण मंडळाचे संघ पेठांचा अभिमान घेऊन उतरतात. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन या स्पर्धांची सूत्रे सांभाळते. इथला आवाज उभ्या-बसल्यावर ठरत नाही. शेजारी बसलेला माणूस आपल्याच गल्लीतला असतो, यावर ठरतो. समर्थकांत हाणामाऱ्या झाल्या आहेत, त्यावरून सामने थांबलेही आहेत, आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण मारामारी आणि चेंगराचेंगरी हे दोन वेगळे धोके आहेत. एकावरचा इलाज दुसऱ्याला जन्म देऊ शकतो. इंडोनेशियात मलांगच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाहुण्या संघाचे समर्थक आत नव्हतेच. पराभवानंतर काही प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी गॅलरीकडे अश्रुधूर सोडला, माणसे अरुंद दारांकडे धावली आणि १३५ जण मेले.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणारा रस्ता सातपुरातून जातो, आणि २०२७ च्या सिंहस्थात त्याच रस्त्याने लाखो माणसे जातील. गर्दीचे गणित तोवर वस्तीच्या मैदानांवर शिकता येईल. दोरीमागच्या जागेची लांबी-रुंदी मोजून किती प्रेक्षक चालतील तो आकडा आयोजकांनी फाटकावर लिहावा, आत येणारे मोजावेत, आकडा भरला की फाटकाबाहेरच गर्दी थांबवावी, आणि बाहेर पडण्याच्या दारांची कुलपे शेवटचा प्रेक्षक घरी जाईपर्यंत काढून ठेवावीत.