खांद्याचे प्रत्येक दुखणे सारखे नसते

वाचकहो, आमचे नायमेखन हॉलंडच्या पूर्वेला, वाल नदीच्या काठी. हॉलंड म्हणजे सपाट देश असे सगळे सांगतात, पण आमच्याकडे चढउतार आहेत, आणि त्यावरून शाळेतली मुले आणि ऐंशीच्या आजीबाई सारख्याच सायकली हाणतात. पडले की हात पुढे टेकतात आणि मार बसतो खांद्याला.

मुलांनो, खांदा कसा असतो ते आधी ऐका. लहानशा बशीवर मोठे लिंबू ठेवा. लिंबू म्हणजे दंडाच्या हाडाचे डोके आणि बशी म्हणजे खांद्याची खोबण. हात सगळीकडे फिरतो तो या उथळ बशीमुळे, आणि लिंबू घसरते तेही त्यामुळेच. ते जागेवर धरून ठेवतात चार स्नायू, त्यांना रोटेटर कफ म्हणतात.

लिंबू बशीबाहेर गेले की खांदा निखळला. अशा वेळी घरातल्या कोणी हात ओढून बसवायला जाऊ नये. जवळून मोठ्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात, आणि हाडही मोडलेले असू शकते. हात अंगाशी धरून, झोळीत बांधून दवाखाना गाठावा. लहान मुलांचे गळ्याखालचे आडवे हाड मोडते, ते बहुतेक नुसत्या झोळीने काही आठवड्यांत जुळते.

म्हाताऱ्या माणसांचे पडून मोडते ते दंडाचे वरचे टोक. लगेच ऑपरेशनची घाई नातेवाईकच जास्त करतात. इंग्लंडमध्ये असे २५० रोगी दोन वर्षे तपासले. २०१५ साली निकाल आला, तेव्हा ऑपरेशन केलेले आणि झोळी बांधलेले, दोघांच्या हातात फरक निघाला नाही. काही मोडणी अशा असतात की ऑपरेशन करावेच लागते, तरी डॉक्टर झोळी सांगतात म्हणून हयगय करतात असे समजू नये.

न पडताही खांदा धरतो. पोलक्याची बटणे लागत नाहीत, केस विंचरता येत नाहीत. याला फ्रोजन शोल्डर हे नाव बॉस्टनच्या डॉक्टर कॉडमननी १९३४ साली दिले. सांध्याभोवतीची पिशवी आवळते, मधुमेह्यांमध्ये जास्त. दीड-दोन वर्षे लागतात, कधी त्याहून जास्त. आपल्या लोकांचा कोकणात तेलाच्या घाण्यांचा धंदा, तेव्हा तेलावर आपला विश्वास असणारच! चोळल्याने बरे वाटते, चोळा. पण आवळलेली पिशवी तेलाने सुटत नाही. फिजिओथेरपी, सांध्यात इंजेक्शन आणि धीर, हेच खरे औषध. इंग्लंडमध्ये ५०३ रोग्यांवर फिजिओथेरपी आणि दोन तऱ्हेची ऑपरेशने ताडून पाहिली. २०२० च्या निकालात एकही दुसऱ्याहून मोठ्या फरकाने सरस ठरली नाही.

आता ज्या दुखण्यासाठी मी लिहायला बसले ते सांगते, कारण त्याचे माहेरघर आमचे गाव आहे. नाव लांबलचक, न्यूरॅल्जिक अमायोट्रॉफी. १९४८ साली पार्सोनेज आणि टर्नर या दोन इंग्लिश डॉक्टरांनी १३६ रोग्यांची हकीकत छापली, त्यांतले बरेचसे लष्करातले होते. इथल्या राडबाउड विद्यापीठाच्या इस्पितळात डॉक्टर नेन्स फान आल्फेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्याचा पिच्छा पुरवला. २००६ साली त्यांनी २४६ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

होते काय, की माणूस चांगला झोपतो आणि मध्यरात्री खांद्यात असह्य कळ येऊन उठतो. हात कसाही ठेवला तरी चैन नाही, साध्या गोळीने काही होत नाही. काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, कळ ओसरते आणि लक्षात येते की हात लुळा पडला आहे. पाठीचे पाते पंखासारखे बाहेर येते. हाताकडे जाणाऱ्या नसांना शरीराच्या स्वतःच्याच संरक्षणाने सूज आणलेली असते.

पूर्वी वाटे की हे वर्षाला लाखात दोघा-तिघांना होते. आमच्या डॉक्टरांनी दोन मोठ्या दवाखान्यांतल्या १४ हजारांवर लोकांवर वर्षभर नजर ठेवली. २०१५ साली आकडा निघाला हजारी एक! मग बाकीचे कुठे जात होते? कोणाला मानेची चकती सांगितली जाई, कोणाला फ्रोजन शोल्डर, आणि वर जोर लावून व्यायाम करायला सांगत. थकलेल्या नसेच्या स्नायूला जोर लावला की तो अधिकच बिघडतो.

ओळखायची एक खूण सांगते. फ्रोजन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही. नसेच्या दुखण्यात सुरुवातीला दुसऱ्याने उचलला तर जातो, स्वतःला मात्र उचलवत नाही. अर्थात शेवटचा निवाडा डॉक्टरचा. तुमचे जसे कुपात होलीमचे डॉक्टर, तसे इथे हाउसआर्ट्स. त्यांना कळ कोणत्या रात्री, किती वाजता सुरू झाली आणि अशक्तपणा किती दिवसांनी आला हे सांगा. तारीख लिहून ठेवलेली बरी. सुरुवातीलाच कळले तर जोरकस वेदनाशामक आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांचा विचार करता येतो.

आणि डाव्या खांद्यात कळ, सोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि फोन उचला, इस्रायलात १०१, इथे ११२.

पुढची सुधारणा सावकाश होते, महिने जातात, आणि बऱ्याच जणांना थोडी कसर राहते. इथे फिजिओथेरपिस्ट पाते नीट हलवायला पुन्हा शिकवतात आणि थकायच्या आधी थांबायला लावतात. घरी भाजी बसून चिरायची, कोपराखाली उशी घ्यायची, आणि वरच्या फळीवरची जड पातेली खाली आणून ठेवायची. ती उचलून द्यायला नातवंडे आहेतच.