शिफारशीची परिभाषा : स्त्रीसमलिंगी प्रेमकादंबऱ्यांच्या सूचींच्या निमित्ताने

एखादे पुस्तक दुसऱ्यास सुचविणे ही क्रिया वरवर अगदी साधी दिसते. ‘हे वाचा, चांगले आहे’, एवढ्या शब्दांत ती आटोपते. तथापि ज्या वाङ्मयाविषयी समाजात मोकळेपणाने बोलले जात नाही, त्याची शिफारस करावयाची झाल्यास एवढ्याने भागत नाही. ‘चांगले’ म्हणजे कोणत्या दृष्टीने चांगले, हा प्रश्न तेथे लगेच उभा राहतो. स्त्रियांच्या परस्परप्रेमावरील कादंबऱ्या हे अशा वाङ्मयाचे ठळक उदाहरण होय. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील ह्या कादंबऱ्यांच्या वाचकांनी शिफारशीची एक लहानशी परिभाषाच सिद्ध केली. तिची घडण कशी होती, तिच्यात उणे काय राहिले आणि मराठीतून अशी शिफारस करताना भाषेचे कोणते विशेष ध्यानात घ्यावे लागतात, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम संज्ञांविषयी. ‘लेस्बियन’ हा शब्द ग्रीक कवयित्री सॅफो हिच्या लेस्बॉस ह्या बेटाच्या नावावरून आला. मराठीतील ‘समलिंगी’ हे विशेषण स्त्रीपुरुष दोघांनाही लागू पडते. म्हणून येथे ‘स्त्रीसमलिंगी’ असा शब्द योजिला आहे. प्रेमकादंबरी म्हणजे जिच्यात दोन व्यक्तींचे प्रेम हाच कथानकाचा कणा असतो आणि त्या प्रेमाची सफलता ही वाचकाची रास्त अपेक्षा असते, अशी कादंबरी. ह्या व्याख्येतील दुसरा घटक आपल्या विषयात विशेष महत्त्वाचा आहे, कारण दीर्घकाळ तोच नाकारला गेला होता.

रॅडक्लिफ हॉल हिची ‘द वेल ऑफ लोन्लिनेस’ ही कादंबरी 1928 साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी इंग्लंडमधील न्यायालयाने ती अश्लील ठरविली. तिच्यातील नायिका अखेरीस आपल्या प्रेयसीचा त्याग करून तिला एका पुरुषाच्या स्वाधीन करते. 1952 साली अमेरिकेत मॅरिजेन मीकर हिने व्हिन पॅकर ह्या टोपणनावाने ‘स्प्रिंग फायर’ ही स्वस्त आवृत्तीतील कादंबरी लिहिली. तिचा खप प्रचंड झाला. परंतु शेवट सुखाचा नसावा, अशी प्रकाशनसंस्थेच्या संपादकांची अट होती. पुस्तके टपालाने जात, आणि असे प्रेम सफल झालेले दाखविले तर टपालखाते ती अडवील, अशी भीती होती. त्यामुळे कादंबरीतील एका मुलीला वेड लागते आणि आपले तिच्यावर प्रेम नव्हतेच, असा साक्षात्कार दुसरीला होतो. शेवट येथे कथानकातून उमललेला नाही. तो बाहेरून लादलेला आहे. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ हिची ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ ही कादंबरी क्लेअर मॉर्गन ह्या नावाने निघाली. तीमधील एका नायिकेला आपल्या मुलीचा ताबा गमवावा लागतो; तरीही दोघींच्या सहजीवनाची शक्यता कादंबरीच्या अखेरीस खुली राहते. ह्या एका गोष्टीसाठी कितीतरी वाचकांनी क्लेअर मॉर्गनला पत्रे धाडली. हायस्मिथने ही कादंबरी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करू दिली, ती मात्र 1990 साली.

आता वाचकाच्या बाजूने पाहू. दुकानातील फळीवर ‘स्प्रिंग फायर’सारखी स्वस्त पुस्तके शेजारी शेजारी मांडलेली असत. त्यांची मुखपृष्ठे बहुधा पुरुष ग्राहकास भुरळ घालण्याकरिता रंगविलेली असल्यामुळे बरेवाईट, खरेखोटे सारे सारखेच भडक दिसे. मुखपृष्ठ हेही एक चिन्ह आहे. परंतु सर्वच वस्तूंवर एकच चिन्ह उमटविले, तर त्या चिन्हाचा अर्थ नाहीसा होतो. भेददर्शकता हा चिन्हाचा प्राण आहे, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास वेगळे सांगावयास नको. बाजाराने नाहीशी केलेली ही भेददर्शकता पुन्हा प्रस्थापित करण्याचे काम वाचकांनाच करावे लागले.

ह्या कामाचा पाया एका ग्रंथपाल विदुषीने घातला. जेनेट हॉवर्ड फॉस्टर हिने सॅफोपासून विसाव्या शतकापर्यंतच्या वाङ्मयाचा धांडोळा घेऊन सिद्ध केलेला ‘सेक्स व्हेरियंट विमेन इन लिटरेचर’ हा ग्रंथ 1956 साली स्वतःच्या खर्चाने छापून घेतला. त्याच वर्षी ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ ह्या संस्थेचे ‘द लॅडर’ हे मासिक सुरू झाले. ते 1972 पर्यंत चालले. ह्या मासिकात बार्बरा ग्रिअर ही जीन डेमन ह्या टोपणनावाने नव्याजुन्या पुस्तकांचा परिचय करून देई. ह्या परिश्रमांतूनच 1967 साली ‘द लेस्बियन इन लिटरेचर’ ही सूची तयार झाली.

सूचीतील खुणांची पद्धत अभ्यसनीय आहे. ज्या पुस्तकात स्त्रीसमलिंगी पात्रे अथवा प्रसंग प्रमुख आहेत, त्यास ‘ए’. जेथे ती गौण आहेत, त्यास ‘बी’. जेथे हा भाव दडलेला आहे किंवा तसा अर्थ लावता येतो, त्यास ‘सी’. केवळ बाजारू पुस्तकांकरिता ‘टी’ हे अक्षर होते. ‘टाकाऊ’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते आद्याक्षर, आणि योगायोगाने मराठीतही ते जुळते. ह्याखेरीज पुस्तकाची योग्यता तारकांनी दाखविलेली असे. येथे दोन प्रश्न एकमेकांपासून अलग केलेले आहेत. विषय किती प्रमाणात आहे, ह्याचे उत्तर अक्षर देते. पुस्तक कितपत सरस आहे, ह्याचे उत्तर तारका देते. एखाद्या पुस्तकास ‘ए’ मिळून तारका एकही न मिळणे शक्य आहे. त्याचप्रमाणे ‘सी’ वर्गातील पुस्तक वाङ्मय म्हणून श्रेष्ठ असू शकते. आपल्या नेहमीच्या बोलण्यात ह्या दोन गोष्टींची सरमिसळ होते. विषय आहे एवढ्यावरून पुस्तक वाखाणले जाते, किंवा पुस्तक थोर आहे एवढ्यावरून ते ह्या वाचकाच्या हाती दिले जाते. दोन्ही वेळा वाचकाची फसगत होते.

परंतु एक तिसरा प्रश्न ह्या खुणांत सामावलेला नाही. शेवट कसा आहे, आणि तो कथेचा आहे की लादलेला आहे? ‘ए’ ह्या अक्षराखाली ‘स्प्रिंग फायर’ आणि ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ शेजारी बसू शकतात. प्रेमकादंबरी म्हणून मात्र त्या परस्परांच्या उलट टोकांस आहेत. ज्या तरुणीने आपल्यासारखी माणसे केवळ वेडाच्या अथवा मृत्यूच्या वाटेवर पाहिली आहेत, तिला आणखी एक तसेच पुस्तक देणे ही निरुपद्रवी गोष्ट नव्हे. शेवट सांगितल्याने कुतूहल मावळते, हा आक्षेप खरा आहे. तथापि शेवट न उघडता त्याची जात सांगता येते : सफल, खुला, दुःखान्त. नाटकाच्या जाहिरातीत ‘शोकान्तिका’ असे छापल्याने कोणाचा रसभंग होत नाही.

मराठीतून शिफारस करताना आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. इंग्रजीतील संबंधदर्शक सर्वनाम मालक स्त्री की पुरुष एवढेच दाखविते. फ्रेंचमधील एकवचनी रूप मालकाविषयी मौन पाळून नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. मराठीतील ‘तिची’ ह्या रूपात ‘ति’ने मालक स्त्री असल्याचे कळते आणि ‘ची’ने पुढील नामाचे स्त्रीलिंग कळते. ‘तिची प्रेयसी’ ह्या दोन शब्दांत जे सांगून होते, त्यासाठी इंग्रजीत वेगळे विशेषण जोडावे लागते. प्रमाण मराठीत क्रियापदही हेच करते. जीनेट विंटरसन हिच्या ‘रिटन ऑन द बॉडी’ ह्या 1992 च्या कादंबरीत निवेदकाचे लिंग अखेरपर्यंत उघड होत नाही. मराठी अनुवादकास मात्र ‘मी आलो’ की ‘मी आले’ ह्याचा निर्णय पहिल्याच पानांत करावा लागेल.

अर्थात जी भाषा इतकी उघड बोलते, तिला लपविण्याच्या वाटाही ठाऊक असतात. ‘जिवलग मैत्रीण’, ‘सखी’ हे शब्द प्रेम आणि स्नेह ह्यांच्या सीमेवर उभे राहतात. परिचयकर्त्याने ते योजिले की ‘ए’ वर्गातील पुस्तक नकळत ‘सी’ वर्गात जाऊन पडते. विजय तेंडुलकरांच्या 1981 साली रंगभूमीवर आलेल्या ‘मित्राची गोष्ट’ ह्या नाटकाचे शीर्षकच पाहा. मित्रा हे नायिकेचे नाव. परंतु ‘मित्र’ ह्या पुल्लिंगी नामाचे सामान्यरूपही ‘मित्रा’ असेच होते. नाटक न पाहिलेल्यास ही कोणा पुरुषाची गोष्ट वाटणे अगदी शक्य आहे. आपल्या तिन्ही कसोट्या ह्या नाटकास लावल्या, तर विषय प्रमुख, योग्यता मोठी आणि शेवट आत्मघाताचा, अशी नोंद करावी लागेल. रंगभूमीच्या अभ्यासकाला ते अवश्य सुचवावे. प्रेमकथा मागणाऱ्या वाचकाला मात्र ही नोंद दाखवूनच द्यावे.

विद्यापीठातील अध्यापकाकडे ग्रंथसूची मागितली जाते, तेव्हा मागणाऱ्याचे कारण विचारण्याचा त्यास अधिकार नाही. ‘द लॅडर’ला आपल्या पहिल्या काही अंकांतच, वाचकांची नावे सुरक्षित राहतील, अशी ग्वाही द्यावी लागली होती. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर भारतातील प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला. पण घरातील आणि वसतिगृहातील संकोच कायद्याबरोबर संपत नाही. म्हणून सूची सर्वांना सारखी उपलब्ध असावी, म्हणजे ती मागणारी व्यक्ती वेगळी पडत नाही. सूचीत प्रत्येक पुस्तकापुढे विषयाचे प्रमाण, वाङ्मयीन योग्यता आणि शेवटाची जात ह्या तीन नोंदी स्वतंत्र असाव्यात, आणि जेथे प्रेयसी आहे तेथे ‘प्रेयसी’ असेच लिहावे.