मुक्या जनावराचे पाऊल

दुभत्या गाईला कासदाह झाला की दूधच बिघडते, त्यामुळे तो चटकन ध्यानात येतो. खुरांचे दुखणे मात्र लपून राहते. गाय जात्याच वेदना दडविणारी. ती उघडपणे लंगडू लागते, तेव्हा दुखणे बहुधा जुने झालेले असते. तोवर दूध घटते, माज नीट दिसत नाही, अंग वाळते. दुधाचा तोटा जमाखर्चात दिसतो. वेदनेची नोंद कोठेच होत नाही.

रानात चरणाऱ्या गाईचे खूर वाढत तसे झिजतही असत. आजची संकरित गाय बहुतांश वेळ सिमेंटच्या कोब्यावर बांधलेली असते. खूर महिन्याला सुमारे 5 मिलिमीटर वाढतो. झीज सारखी झाली नाही की भार एकाच नखीवर येतो. बहुतेक वेळा मागच्या पायाची बाहेरची नखी प्रथम दुखावते. शेणमुताच्या ओलीने खूर मऊ पडतो. अधिक दुधाच्या आशेने मक्याचा भरडा वाढविला आणि वैरण कमी पडली, तर पोटात आम्लता वाढून खुराच्या आतील नाजूक थरालाही सूज येऊ शकते.

गाय उभी असता पाठ सरळ, पण चालताना कमानीसारखी, हे पहिले लक्षण. उभ्यानेही पाठ वाकलेली दिसल्यास त्याच दिवशी गाय खोड्यात घेऊन, पाय उचलून, धुऊन पाहावा. रुतलेला खडा वा खिळा काढणे, सुटलेला खूर साळणे आणि त्याच पायाच्या निरोगी नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवून दुखऱ्या नखीवरचा भार उतरविणे, ही कामे जाणकाराच्या हातूनच व्हावीत. वेदनाशामक आणि प्रतिजैविक पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. गिधाडांचा संहार करणाऱ्या डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी 2006 पासून बंदी आहे. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय आहे. तोंडातही फोड असतील, तर लाळ्या खुरकुताचा संशय घ्यावा आणि जनावर वेगळे बांधावे.

वर्षातून दोनदा खुरसाळणी, बसावयास कोरडी जागा वा रबरी चटई आणि 100 लिटर पाण्यात 5 किलो मोरचूद घालून केलेले पायधुणे, एवढ्याने पुष्कळ दुखणी टळतात. मोरचुदाचे पाणी विषारी असल्याने जनावरांनी ते पिऊ नये आणि ते ओढ्यातही सोडू नये.

लंगडी गाय परवडेनाशी झाली की विकली जाते. काही पांजरपोळात पोहोचतात. मुंबईचे पांजरपोळ 1834 पासून अशा जिवांना आसरा देत आले आहे. चाऱ्यासाठी दान देणारे हात पुष्कळ आहेत. त्या दानातील काही भाग एखादा खोडा आणि खुरसाळणीची मजुरी यांसाठी राखून ठेवला, तर पोट भरलेल्या गाईला वेदनेवाचून चालताही येईल. जीवदयेत या दोहोंचा समावेश व्हावयास हवा.