छपराखालचा फुटबॉल

डिसेंबरच्या अखेरीस आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे भर माध्यान्हीदेखील सूर्य क्षितिजापासून जेमतेम तीन अंश वर असतो. दिवस सुमारे चार तासांचा. शाळा सुटून घरी पोचावे तो अंधार! अशा गावी मुलांनी फुटबॉल खेळावा तरी कधी? पूर्वी ती हिवाळ्यात खडीच्या मैदानावर, बोचऱ्या वाऱ्यात खेळत. इ. स. २००० साली केफ्लाविक येथे पूर्ण आकाराचे मैदान सामावणारे छपराचे क्रीडागृह उघडले आणि नंतर इतर गावांतही तशी गृहे उभी राहिली.

थंडीत नेमके बिघडते काय? प्रथम चेंडूच घ्या. २० अंश सेल्सिअस तापमानाला चेंडूत बाहेरच्यापेक्षा ०.८ वातावरण इतका जादा दाब भरला, म्हणजे एकूण दाब १.८ झाला. आता तोच चेंडू उणे ५ अंशांत नेला. आकारमान फारसे बदलत नाही असे धरले, तर दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात घटतो. १.८ ला २६८ ने गुणून २९३ ने भागा. उत्तर सुमारे १.६५ येते. म्हणजे जादा दाब ०.६५ च उरला, जवळजवळ पाचव्या भागाने कमी! शिवाय आतले रबर थंडीने ताठरते. चेंडू मेल्यासारखा उसळतो. खेळाडूचीही तीच गत. गारठलेल्या पायातील मज्जातंतूंमधून संदेश सावकाश जातात आणि स्नायू मंदावतात. चेंडू पायाला कोठे लागला हेच नीट कळले नाही, तर तो ताब्यात ठेवायला शिकणार कसे?

सगळ्याच गावांना एवढे मोठे क्रीडागृह परवडत नाही. तेथे फुटसाल उपयोगी पडतो. हा खेळ १९३० साली उरुग्वेमधील माँटेव्हिडिओ येथे हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने सुरू केला. दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत साधारण ४० मीटर लांब, २० मीटर रुंद मैदान. हिशोब करा : प्रत्येकाच्या वाट्याला ८० चौरस मीटर जागा येते. मोठ्या मैदानावर (१०५ बाय ६८ मीटर, खेळाडू २२) हाच वाटा सुमारे ३२५ चौरस मीटर असतो. साहजिकच फुटसालमध्ये चेंडू पुन्हा पुन्हा आपल्याकडे येतो, आणि प्रतिस्पर्धीही लगेच अंगावर येतो. पाच मीटरवरून सेकंदाला दहा मीटर वेगाने आलेला चेंडू अर्ध्या सेकंदात पोचतो. त्यातला सुमारे ०.२ सेकंद डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करण्यातच जातो. उरलेल्या वेळात काय ते करा!

फुटसालचा चेंडू आकाराने लहान, पण वजनाने जवळपास मोठ्याइतकाच. तो मुद्दाम कमी उसळणारा बनवतात. दोन मीटरवरून सोडला तर पहिली उसळी ५० ते ६५ सेंटिमीटर असावी, असा नियम आहे. वेग उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, म्हणून हा चेंडू आदळलेल्या वेगाच्या अर्ध्याहून थोड्याच अधिक वेगाने परततो. तो जमिनीलगत राहतो आणि पायाने खेळवणे भाग पडते. मघाशी मेलेल्या उसळीला आपण दोष दिला आणि येथे ती मुद्दाम मागितली, याची गंमत वाटेल. पण ही उसळी रोज तीच असते. थंडीतली मात्र तापमानाबरोबर बदलते.

आइसलँडने २७ जून २०१६ रोजी युरोपीय स्पर्धेत इंग्लंडला २-१ असे हरवले. तेव्हा देशाची लोकसंख्या होती अवघी सव्वातीन लाखांच्या आसपास! २०१८ मध्ये तो विश्वचषक स्पर्धेतही खेळला. याचे सारे श्रेय छपराला देणे मात्र शास्त्रीय वृत्तीला धरून होणार नाही, कारण त्याच काळात तेथे प्रशिक्षकांच्या शिक्षणावरही खूप भर दिला गेला. शिवाय लहान बंदिस्त मैदानावर वाऱ्याचा अंदाज आणि लांबचा पास शिकता येत नाही, आणि कठीण जमिनीवर पडले की लागते.

एक प्रयोग घरी करून पाहा. चेंडू दोन मीटरवरून फरशीवर सोडून उसळीची उंची भिंतीवर खडूने टिपा. मग तो दोन तास फ्रिजमध्ये ठेवून, बाहेर काढताच पुन्हा सोडा. पाच-पाच वेळा मोजून सरासरी काढा. चेंडू आत ठेवण्यापूर्वी धुऊन पुसा, आणि आईला विचारा.