फुटाण्याच्या पोटातलं कुलूप

दोन वाट्यांत पाणी घ्या. एकीत मूठभर मुरमुरे टाका, दुसरीत मूठभर फुटाणे. मुरमुरे पाहता पाहता लिबलिबीत होतील. फुटाणे मात्र बऱ्याच वेळानंतरही दाताखाली लागतील. दोन्ही भडभुंज्याच्या भट्टीवर तापलेल्या वाळूत भाजलेले, दोन्ही हलके आणि खुसखुशीत. तरी पाण्यात त्यांची तऱ्हा इतकी वेगळी, आणि पोटात गेल्यावरही तशीच वेगळी. शुगर असलेल्या माणसाने दिवाळीचा फराळ कसा खावा, याचं अर्धं उत्तर या दोन वाट्यांत आहे.

नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातलं गाव. दिवाळीच्या सुमाराला इकडे शेतात कापसाची वेचणी चालू असते, घरात चिवडा, चकली, शेव, लाडू. त्या घमघमाटात घरातलं कुणीतरी ताट बाजूला सारून म्हणतं, “मला नको, शुगर आहे.” भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. सणाच्या दिवशी त्यांना वेगळं बसवून कसं चालेल?

आपण बहुतेक जण एक ढोबळ नियम पाळतो: गोड वाईट, तिखट-मिठाचं चालतं. १९८१ मध्ये टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६२ पदार्थ माणसांना खाऊ घालून प्रत्येक पदार्थाने रक्तातली साखर किती चढते ते मोजलं, आणि या नियमाला तडा गेला. शुद्ध ग्लुकोजला १०० धरलं, तर आपली रोजची साखर ६५ च्या आसपास येते. फुलवलेल्या तांदळाचे पदार्थ ८० च्या वर जाऊ शकतात. आणि हरभरा? ३० च्या आसपास! जिभेला फिका लागणारा मुरमुरा साखरेपेक्षाही वेगाने रक्तात उतरू शकतो.

हे घडतं कसं? तांदूळ काय, हरभरा काय, दोघांतही पिष्ट आहे. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. तांदळाचा दाणा तापलेल्या वाळूत पडला की आतल्या ओलाव्याची वाफ होते, ती बाहेर पडायला धडपडते आणि दाणा फुगून आतून स्पंजासारखा सच्छिद्र होतो. पाचक रसांना प्रत्येक छिद्र म्हणजे उघडं दार. चार मुरमुरे मिनिटभर तोंडात धरून पाहा. ते विरघळतील आणि हळूच गोडसर लागतील, कारण लाळेनेच माळ तोडायला सुरुवात केलेली असते.

हरभऱ्याची रचना निराळी. त्याचं पिष्ट सूक्ष्म पेशींत भरलेलं असतं. एकेक पेशी साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, आणि तिच्याभोवती तंतूंची चिवट भिंत. शिजवलेला हरभरा बोटांनी चिरडला की तो रवाळ लागतो ना? तो रवा म्हणजे बऱ्याच अंशी अख्ख्या पेशी! शिजताना पेशींना एकमेकींशी जोडणारा चिकट थर विरघळतो, पण भिंती बऱ्याचशा शाबूत राहतात. फुटाणा तर कमी ओलाव्यात भाजला जातो, त्यामुळे त्याचं पिष्ट पुरतं फुलतही नाही. पाचक रसांना तिथे कुलूप लागलेलं सापडतं. ते हळूहळू उघडतं, आणि तेवढ्या संथपणे साखर रक्तात येते.

याहून नवलाची गोष्ट जेन्किन्स यांनाच १९८२ मध्ये दिसली. सकाळी मसूर खाल्लेल्यांची साखर दुपारच्या जेवणानंतरही कमी चढली. एका जेवणातल्या डाळीने पुढच्या जेवणालाही सांभाळून घेतलं होतं!

आता चिवड्याकडे वळू. नेहमी मुरमुरे किंवा पोहे ढीगभर आणि फुटाण्याची डाळ नावाला असते. हे प्रमाण उलटं करा. तीन वाट्या फुटाण्याची डाळ, एक वाटी शेंगदाणे, थोडे खोबऱ्याचे काप, दोन चमचे तीळ आणि मुरमुरे फक्त एक वाटी. तीन चमचे तेलात मोहरी, हिरवी मिरची, भरपूर कढीपत्ता, हिंग, हळद. शेवटी भुरभुरायची पिठीसाखर वगळा आणि त्या जागी आमचूर घाला.

या चिवड्यात आपल्या विदर्भाचा जवस हवाच. चमचाभर जवस पाण्यात भिजवला की त्याभोवती बुळबुळीत थर धरतो. हा विरघळणारा तंतू पोटातही तसाच फुगतो आणि साखरेचा वेग कमी करतो. मात्र जवसाचं टरफल गुळगुळीत आणि टणक असतं, अख्खा दाणा पुष्कळदा जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून तो तडतडेपर्यंत भाजा, भरड कुटा, मगच चिवड्यात मिसळा.

लाडवासाठी एक वाटी भाजलेले तीळ, एक वाटी दाणे, अर्धी वाटी जवस आणि आठ-दहा खारकांची पूड एकत्र कुटा. दाण्यांना तेल सुटलं की लाडू वळता येतात. आकार आवळ्याएवढा ठेवा आणि एका वेळी एकच खा. खारकेतही साखर असते, हे विसरून चालणार नाही. गुळाबद्दलही आपला एक गोड गैरसमज आहे. गुळात मुख्यतः तीच साखर असते, म्हणून “गुळाचं चालतं” हे मनातून काढून टाका.

चकलीच्या भाजणीत तांदळाऐवजी ज्वारी घ्या. दोन वाट्या ज्वारीला एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ. ज्वारीच्या पिठाला स्वतःचा चिवटपणा नसतो, उडीद ते बांधून ठेवतो. तरी तळण ते तळणच. दोन चकल्यांवर हात थांबवा.

फराळ जेवणानंतर वरून नको. जेवढा खाल तेवढी पोळी किंवा भात कमी करा. औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवण टाळायचं नाही, आणि प्रमाणातला बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा. घरात साखर मोजायचं यंत्र असेल, तर एक दिवस वाटीभर मुरमुऱ्यांनंतर आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वजनाच्या फुटाण्यांनंतर दोन तासांनी मोजून पाहा. प्रत्येकाचं शरीर वेगळं, त्याचं उत्तर त्यालाच विचारावं.

आणि या सगळ्यासाठी काही दूर जावं लागत नाही. चुलीवर फराळाची कढई चढते त्याच दिवसांत काळ्या मातीत हरभऱ्याची पेरणी होते. पुढच्या दिवाळीला आजोबांच्या ताटलीत पडणारी ती कुलूपबंद मूठ तेव्हा शेतात उतरत असते.