वेग आवरण्याची विद्या

यंत्र अधिकाधिक वेगानें धांवविणें हेंच कौशल्य, असा समज रूढ आहे. तें हळू चालविणें किती कठीण असतें, याचें एक उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

अमेरिकेंतील मिशिगन सरोवरास मिळणाऱ्या नद्यांत १९६६ सालीं कोहो जातीच्या सॅमन माशांचीं पिलें सोडण्यांत आलीं. पुढें चालत्या नौकेमागें आमिष ओढीत हे मासे धरण्याचा छंद तेथें वाढला. आमिष बहुधा ताशी दोन-तीन मैल गतीनेंच ओढावें लागतें. परंतु दोन एंजिनांची मोठी नौका अत्यंत मंद ठेविली तरी पुष्कळदां याहून जलद जाते, आणि एंजिन आणखी मंद करावें तर तें बंद पडतें.

पहिला उपाय, एकच एंजिन चालविणें. मग नौका एका अंगास वळूं पाहते. तिला सुकाणूनें सांवरावें लागतें. शिवाय बंद एंजिनाचा पंखा पाण्याच्या जोरानें फिरतच राहतो. कांहीं बनावटींच्या दांतेरी चक्रांस अशा वेळीं तेल पोंचत नाहीं व तीं झिजतात. म्हणून निर्मात्याची पुस्तिका पाहिल्यावांचून हा उपाय करूं नये.

दुसरा उपाय, जाड कापडाच्या पिशव्या दोन्ही अंगांस पाण्यांत सोडणें. त्या पाण्यानें फुगून नौकेस मागें ओढतात. मात्र दोर पंख्यापर्यंत पोंचणार नाहीं इतका आंखूड हवा; तो पंख्यांत गुंतल्यास वादळी वाऱ्यांत नौका निराधार होते.

लगामावांचून अश्वांचें बळ व्यर्थ, हें आपण जाणतोंच. एंजिनाची गोष्ट निराळी नाहीं.